पुलाच्या कठड्यावरचा तास

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
धर्मापुरी

चि. वर्षाताईंना वहिनीचा आशीर्वाद.

पार्सल पोचलं. बुटांचे दोन जोड, जाकीट आणि पदकांची पिशवी. परळीहून आणायला जीपवाल्यानं चाळीस रुपये घेतले. सोबत तुमची चिठ्ठी, 'गुडघा गेला, पळणं संपलं. आता गावात कोणत्या तोंडानं येऊ? सामान कुणालाही द्या.'

मी कुणालाच दिलं नाही. बूट दाराआड, तुमच्या जुन्या जागी ठेवलेत.

ताई, एक गोष्ट कधी बोलले नाही. तुम्ही शाळेत असताना पहाटे पळायला निघायच्या, तेव्हा सासूबाईंनी मला राखणीला धाडलं. "पोरीची जात हाय, नजर ठेव," म्हणाल्या. तुम्ही परळीच्या रस्त्यानं दिसेनाशा व्हायच्या आणि मी पुलाच्या कठड्यावर नुसती बसायची. चूल नाही, पाणी भरणं नाही, ओठावर फक्त महादेवाचं नाव. नव्या सुनेला असा तास कोण देतं? तुम्ही पळालात म्हणून मला मिळाला. तुम्ही जिंकून आलात तेव्हा गावानं मिरवणूक काढली. मी मनातल्या मनात तुमच्या पाया पडले.

आता गावच्या पोरी त्याच रस्त्यानं पळतात. काल मला कठड्यावर बसलेली बघून शेजारची वनमाला हसली, "राखणीला अजून तूच का गं?"

"लई जुनी नोकरी हाय माझी," म्हटलं.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. हेही टपालात टाकायचा धीर होईल का, देव जाणे. पण ताई, या. पळायचं नाही. कठड्यावर माझ्याशेजारी बसायचं, पोरी पळताना बघायच्या. कधी येताय, ते उलटटपाली कळवा.

वाट बघणारी,
गंगासागर वहिनी