दहावा सिनेमा

१४ ऑक्टोबर, मंगळवार सकाळ

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघा ठीक नाही. तुम्ही दोघं बरे असाल असं धरून चालते.

आधी बातमी. तुझ्या सिनेमाच्या प्रेस शोला पाचवं रीळ आधी लागलं होतं आणि चौथं नंतर. ऑपरेटरकाकांनी काल हे मला स्वतः सांगितलं, आणि त्या वर्षाची वहीही काढून दाखवली. रोज कोणता खेळ झाला, कुठे फिल्म तुटली, कधी वीज गेली, सगळं ते लिहून ठेवायचे. त्या तारखेसमोर त्यांच्या अक्षरात आहे: ‘४-५ उलट लागले. डब्यांची झाकणे बदललेली. कोणी तक्रार केली नाही.’

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. काका म्हणाले, “अहो, पाचजण होते हॉलमध्ये. एक इंटरव्हलला उठून गेले, दोघं गप्पा मारत होते, एक जण मालकांचे मेहुणे. राहता राहिलात तुम्ही. तुम्ही काही बोलला नाहीत, मग मला वाटलं सिनेमाच तसा असेल.”

आता हे एकोणीस वर्षांनी का उकरून काढलं, ते सांगते. मी या महिनाअखेरीला निवृत्त होते आहे. रविवारच्या पुरवणीत माझा शेवटचा लेख: ‘माझे दहा आवडते सिनेमे’. पुरवणी बघणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची आहे आणि माझ्या दुप्पट कडक. नऊ नावं देऊन मी गप्प बसले, तर म्हणाली, “मॅडम, दहा म्हणजे दहा. दहाव्या जागी तुमचा फोटो मोठा करून लावू का?”

यादी करणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. बसले, तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी ‘चांगला’ आणि ‘आवडता’ हे दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवत आले. चांगल्यांची यादी दहा मिनिटांत झाली. सगळे मान खाली घालून चालणारे सिनेमे, वाचणाऱ्याला आपण कमी शिकलो असं वाटायला लावणारे. मी ती फाडली. मग खरी केली. त्यात तो जादूगाराचा सिनेमा आहे, ज्यात सशाची शिवण दिसते. तू अकरा वेळा पाहिलास, मी बारा. एक वेळ तुला न सांगता गेले होते, तेही आज कबूल करून टाकते. आईचा आवडता सिनेमाही आहे. तुला आठवतंय ना, ती सिनेमा झोपेवरून ठरवायची? “छान होता. मध्यंतरापर्यंत जाग आली नाही.” मी आयुष्यभर परीक्षणं लिहिली, पण इतक्या प्रामाणिक कसोटीवर एकही नाही.

आणि बाबांचा नियम. थिएटरातून घराच्या दारापर्यंत कुणी ‘चांगला’ म्हणायचं नाही की ‘वाईट’ म्हणायचं नाही. दाराशी पोचलं की प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, दुसऱ्याला न दिसलेली. तू नेहमी जिंकायचास. नायक-नायिका बोलत असताना मागच्या खिडकीत कोणती बाई भांडी घासते आहे, हे तुला दिसायचं. मी गोष्ट सांगत बसायचे आणि बाबा म्हणायचे, “गोष्ट आम्ही पण पाहिली गं.”

तर प्रेस शो. बंद पडलेल्या कारखान्याचा रखवालदार आणि त्याची बायको, एवढाच तुझा सिनेमा. मी जे पाहिलं त्यात बायको वारते, रखवालदार एकटाच चादरीची घडी घालतो, आणि पुढच्याच दृश्यात बायको हसत कपडे वाळत घालते. मी लिहिलं: ‘मेलेली बायको पुढच्या दृश्यात दोरीवर कपडे टाकते. एक माणूस तीन मिनिटं चादर का घडी करतो, हे दिग्दर्शकालाही ठाऊक नसावं.’ ऑफिसात सगळे हसले. वितरकाने ते कात्रण तुझ्यासमोर टाकलं आणि आठवड्यात सिनेमा उतरवला.

तू फोन केलास. “तू झोपली होतीस. आईसारखी.”

मी म्हणाले, “मी जागी होते, म्हणून तर त्रास झाला.”

त्यानंतर आपण बोललो नाही. आई गेली तेव्हा भेटलो, तेव्हाही गाडी कुठे लावलीस एवढंच. म्हणजे बघ, त्या फोनवर दोघंही खरं बोलत होतो. मी पूर्ण सिनेमा पाहिला होता, आणि तू केलेला सिनेमा मी पाहिला नव्हता. चूक झाकणांची.

इथे पत्र संपवता आलं असतं. काल रात्रीपर्यंत तसंच ठरवलं होतं. वहीतल्या ओळीचा फोटो पाठवायचा, संपादकांनी तेव्हा दुरुस्ती छापायला नकार दिला असं लिहायचं, आणि दोघांनी मिळून काकांना दोन शिव्या द्यायच्या. पण आज सकाळी लिहायला बसले आणि हात अडला. संपादकांनी नकार दिला नव्हता. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

काकांकडे मी चौकशीला गेले नव्हते रे. साक्षीदार मिळवायला गेले होते. मला एकोणीस वर्षं माहीत आहे.

तुझा सिनेमा उतरायच्या शेवटच्या दिवशी दुपारच्या खेळाला मी तिकीट काढून गेले. का गेले, सांगता येत नाही. ‘झोपली होतीस’ हे डोक्यातून जात नव्हतं. हॉलमध्ये मोजून चौदा माणसं. या वेळी रिळं बरोबर लागली होती. आधी ते दोघं अंगणात चादरीची घडी घालतात, चार टोकं, दोन पावलं पुढे, बोटांना बोटं लागतात. मग ती जाते. मग तो चादरीची एक बाजू दारात अडकवतो, दार लावून घेतो, आणि दुसऱ्या टोकापासून दाराकडे चालत येतो.

बाबा गेल्यावर आई तशीच घडी घालायची. स्वयंपाकघराच्या दारात. मी त्याच घरात होते, रोज त्याच दारातून आत-बाहेर करत होते, आणि मला ते कधी दिसलं नाही. तुला दिसलं. दाराशी पोचल्यावर सांगायची गोष्ट तू तिथे ठेवली होतीस, आणि मी ती छापून हसण्यावारी नेली होती.

घरी येऊन दुरुस्ती लिहिली. चार ओळी. पाकिटात घातली आणि पाकीट खणात ठेवलं. पहिल्यांदा स्वतःला सांगितलं की सिनेमा उतरलाच आहे, आता काय उपयोग. खरं कारण लहान आहे आणि म्हणून सांगायला जड जातं. रिळं उलटी लागल्याचं ज्या परीक्षकाला कळलं नाही, त्याच्यावर उद्या कोण विश्वास ठेवणार? त्यात तुझ्या सिनेमाचं परीक्षण मी मागून घेतलं होतं. भावाचं कौतुक केलं असं कुणी म्हणू नये म्हणून पहिल्या रिळापासूनच पेन उगारून बसले होते. कुणी शेजारचा असता तर मी काकांना केबिनमध्ये जाऊन विचारलं असतं, “अहो, काही गडबड आहे का?” तुझ्यासाठी मी वीस पायऱ्या चढले नाही.

तू पुढे सिनेमा केला नाहीस. कारखान्यांसाठी सुरक्षेच्या फिल्म करतोस, हे तुझ्या बायकोकडून कळत असतं. गेल्या वर्षी आमच्या छापखान्यात एक दाखवली, यंत्रात हात घालू नये म्हणून. सगळे चहाची वाट बघत होते. त्यात कामगाराचा हात वाचतो आणि तुझा कॅमेरा त्याच्या तोंडावर दोन सेकंद जास्त थांबतो. तो हळूच आपली बोटं मोजतो. नाव यायच्या आधी मी ओळखलं. घरी जाईपर्यंत कुणाशी बोलले नाही, नियमाप्रमाणे.

माफ कर असं लिहिणार होते. ते मी तोंडाने म्हणेन, पत्रात नको. पत्रात माणूस वाक्य सुधारत बसतो.

आता पुढचं. दहाव्या जागी तुझा सिनेमा आहे. भाऊ म्हणून नव्हे. तसं असतं तर पहिल्या जागी टाकला असता. लेखाखाली चौकटीत त्या चार ओळी जातील, जुन्याच, एक शब्द न बदलता, आणि त्या एकोणीस वर्षं खणात का राहिल्या याची पाचवी ओळ. मुलीने वाचून विचारलं, “मॅडम, शेवटच्या लेखात हे नक्की?” मी म्हटलं, “शेवटचाच उरलाय.” पानं शुक्रवारी लागतील, रविवारी अंक येईल. तू कळवलंस किंवा नाही, त्यात फरक पडणार नाही.

दुसरी गोष्ट तुझ्यावर आहे. जुनं थिएटर विकलं गेलं, यंत्रं सोमवारी उचलतील. काकांनी शनिवारी चार वाजता मशीन चालू करून द्यायचं कबूल केलं आहे. सिनेमाची एकमेव प्रत तुझ्या माळ्यावर आहे, सहा डबे, असं तुझ्या बायकोने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. विचारलं मी, तिने फक्त खरं सांगितलं.

आलास तर येताना डबे आण. झाकणावरच्या आकड्यांवर जाऊ नकोस, उघडून फिल्म बघ. मी पावणेचारला वर काकांच्या केबिनमध्ये असेन. गुडघ्यामुळे वेळ लागेल, म्हणून अर्धा तास आधी चढायला सुरुवात करते. साडेचारपर्यंत तू दिसला नाहीस, तर काका मशीन बंद करतील आणि मी खाली येईन.

त्या दिवशी जागी असलेली,
तुझी ताई