तिसरा रकाना: जोडीदाराचे नाव

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण सातवी, धंदा उंच कामासाठी पाईपांची परांची बांधणे, आज पूर्ण शुद्धीत आहे, प्यायलेलो नाही, आणि कोणी मानगूट धरून लिहून घेत नाही. यापूर्वी असा कागद केलेला नाही, म्हणून रद्द करण्यासारखंही काही नाही. पुढच्या आठवड्यात कारखान्याचं जुनं धुराडं उतरवायला वर चढायचं आहे. मागच्या महिन्यात तिथून पडलेला गडी नऊ दिवस शवागारात पडून राहिला, कारण ताबा कोणाला द्यायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझं तसं होऊ नये.

१. स्थावर. वडिलांच्या घरातला माझा हिस्सा दादाला. माझ्या पायाला भिंगरी, मला घर काय करायचं? मागची खोली मात्र आई असेपर्यंत आईचीच. तिथे पोती रचू नयेत.

२. बँकेत असेल ते आईचं. तिने ते दादाच्या हातात देऊ नये. दिलंच, तर मी काय करणार आहे.

३. पाना, हातोडी आणि ओळंबा लांब्याला. लांब्या माझा जोडीदार. आमच्या कामात एक वर चढतो, दुसरा खालून पाईप देतो, आणि पट्ट्याचा हूक लागला का ते एकमेकांचं बघतो. त्यालाच जोडीदार म्हणतात. मी कुठे सहा महिने टिकलो नाही. इथे तिसरं वर्ष चालू आहे, ते त्याच्यामुळे.

४. रेडिओ वेल्डरला. तो दुसऱ्या धर्माचा. निघताना दादाने बजावलं होतं, त्या लोकांच्या हातचं खाऊ नकोस. वर्षभर त्याच्या डब्यातलं खाल्लं, धडधाकट आहे. रेडिओचं खरं कारण वेगळं आहे. एकदा फळीवर बसून जेवताना लांब्याने सांगितलं, की त्याचा जीव बाईवर जडत नाही, पुरुषावर जडतो. म्हणाला, दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं. मी त्याच संध्याकाळी खोलीतली लांब्याशेजारची माझी गादी दाराशी ओढली आणि मुकादमाकडे दुसरा जोडीदार मागायला निघालो. वाटेत वेल्डर भेटला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "माझ्या डब्यात पहिल्यांदा हात घातलास ना, तेव्हाही तुझं तोंड असंच झालं होतं."

मी मुकादमाकडे गेलो नाही. गादी मात्र आठ दिवस दाराशीच होती, खोटं कशाला लिहू. दाराच्या फटीतून वारा लागून खोकला झाला, तेव्हा लांब्यानेच ती उचलून जागेवर आणली.

५. कंपनीच्या फॉर्मबद्दल खुलासा. तिसऱ्या रकान्यात 'जोडीदाराचे नाव' असं छापलं होतं. मी लांब्याचं लिहिलं. कामाचाच कागद, दुसरं काय समजणार? कारकुनाने मोठ्याने वाचलं, ऑफिस हसलं, आणि क्रेनवाला मला 'वहिनी' म्हणून हाक मारू लागला. कोणीतरी ते घरापर्यंत पोचवलं. दादाचा फोन आला. "खोड ते नाव, नाहीतर या घरात पाय ठेवायचा नाही. माझ्या पोरीचं लग्न व्हायचंय अजून."

मी तसा नाही, असं वर एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं आहे. खाडाखोड माझीच, बाजूला छोटी सही केली आहे. त्या वाक्याने मी सुटलो असतो आणि लांब्या होता तिथेच राहिला असता. फॉर्मवरचं नाव खोडलेलं नाही. कारकुनाने तीनदा बोलावलं. समजावून सांगायचा आता कंटाळा आला आहे.

६. मनगटी घड्याळ दादाला. राग नाही, दमलो आहे. मला पोहायला त्यानेच शिकवलं. त्याने लांब्याला कधी पाहिलेलं नाही, एवढीच अडचण आहे. आईनेही पाहिलेलं नाही, पण फोनवर ती माझ्याआधी त्याची चौकशी करते. दादाने तिला सगळं सांगितल्यानंतरच्या फोनला ती म्हणाली, "फोन त्याला दे." आणि लांब्याला विचारलं, "जेवलास का रे बाळा?"

७. माझ्या देहाचा ताबा लांब्याला द्यावा. त्याने मला घरी न्यावं. दादाने दार उघडावं, त्याला पाणी विचारावं, आईजवळ बसू द्यावं, खांदा देऊ द्यावा. हे जमणार नसेल तर मला नेऊच नये, इथेच उरकावं. लांब्याला बाहेर उभं ठेवणार असाल, तर मीही आत येणार नाही.

लांब्या आणि वेल्डर यांना या कागदातून काही मिळतं, म्हणून त्यांची साक्ष घेतलेली नाही. पुढील दोघांसमोर सही करत आहे. क्रेनवाल्याने आधी पूर्ण वाचायला मागितलं. मी दिलं.

लिहून देणार: आईचा धाकटा (सही)
साक्षीदार १: मुकादम (सही)
साक्षीदार २: क्रेनवाला (सही)
ठिकाण: कामगार वसाहत, खोली सात
दिनांक: चौदा, सोमवार, दुपारची सुट्टी