माझ्या बाजूचा ब्रेक

३ मार्च, मंगळवार
मंजुरी आली! ह्यांची बायको म्हणून मला तिकडे परदेशात कायम राहता येईल. तिथल्या व्हिसाच्या कचेरीने चार वर्षं लग्नाचे फोटो मागवले, आमचं एकमेकांवर खरंच प्रेम आहे का ते विचारलं (आम्ही स्वतःही कधी विचारलं नव्हतं) आणि आता एका ओळीत 'मंजूर'. सहा महिन्यांत तिथे पोचायचं, नाहीतर रद्द.

फोनवर ह्यांचा आवाज चिरकला होता. "आता तुला इथे काही म्हणजे काही करावं लागणार नाही!" हे वाक्य ते बक्षीस दिल्यासारखं सांगतात. इथे मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. निम्मं गाव क्लच सोडायला माझा ओरडा खातच शिकलंय. तिथे माझं लायसन्स चालत नाही. गाडीला 'शिकाऊ' अशी पाटी लावून फिरायचं — मी!

५ मार्च
ह्यांना सांगितलं, वन्सं गाडी शिकल्या की निघते. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असतात. घर गावाबाहेर, दवाखाना दूर, बस तिच्या मर्जीने येणार. मी गेल्यावर त्यांना गाडी हवीच.

"ताई? आणि गाडी?"

"का? महिन्याभराचं काम."

१२ मार्च
महिन्याभराचं नाही.

वन्सं गाडी चालवत नाहीत, पाहुणचार करतात. चौकात आपला नंबर असताना सगळ्यांना हात करून "या, या, तुम्ही आधी". मागे हॉर्नचा कल्लोळ. "वन्सं, निघा!" तर म्हणतात, "अगं, म्हातारा माणूस होता तो. थांबले तर काय बिघडलं?" म्हाताऱ्याच्या मागचा ट्रकही म्हातारा होता का?

९ एप्रिल
पहिली टेस्ट. नापास. इन्स्पेक्टर उतरले ते रुमालाने मान पुसत. वन्सं म्हणाल्या, "फार अबोल माणूस. शेवटी शेवटी डोळेच मिटून घेतले."

२० मे
दुसरी टेस्ट. नापास. ह्यांनी विचारलं, "मग तिकीट?" म्हटलं, "मी अर्धवट शिकवून कुणाला रस्त्यावर सोडत नाही." बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आश्चर्य आहे.

२ जून
ह्यांनी जेवणाच्या टेबलाला दुसरी खुर्ची आणली. फोटो पाठवला. इतकी वर्षं एकाच खुर्चीवर भागवत होते, हे मला माहीत नव्हतं. फोटो दोनदा पाहिला. मग गाडीचं ऑइल बदलायला गेले.

७ जुलै
तिसरी टेस्ट. नापास! या वेळी इन्स्पेक्टर थेट माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही यांना गाडी थांबवायला शिकवलंत का?"

मी तडकले. घरी आल्यावर वन्संना फैलावर घेतलं. "समोर लाल दिवा दिसतो ना? मग ब्रेक का नाही मारत?"

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "थांबतेच की ती आपली आपण."

"कोण?"

"गाडी. तुझ्याबरोबर असताना नेहमी थांबते. त्या इन्स्पेक्टरचं काय बिनसतं, कोण जाणे."

शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तो जीव वाचवण्यापुरता. मी मात्र प्रत्येक दिव्याला, प्रत्येक वळणाला, वन्संच्या आधीच तो दाबत आले. बाकी विद्यार्थ्यांच्या वेळी पाय आवरतो, मग यांच्याच वेळी का?

या प्रश्नावर आज जास्त लिहायचं नाही.

८ जुलै
आजपासून शेजारच्या सीटवर मांडी घालून बसते. गुडघे बोंबलतात. वन्संनी पहिल्या दिव्याला गाडी थेट झेब्रा पट्ट्यांवर नेली, दुसऱ्याला जेमतेम थांबवली, तिसऱ्याला व्यवस्थित. "अगोबाई, हे माझं मीच केलं!" म्हणून टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी.

१९ ऑगस्ट
वन्सं पास.

इन्स्पेक्टरांनी हात मिळवला, वन्संचा आणि मग माझाही. स्कूलच्या गेटपासून घरापर्यंत वन्सं तारस्वरात गात आल्या. मी तिकीट काढलं. आता कारण उरलं नाही. ह्यांनी खुर्चीला उशीसुद्धा आणली म्हणे.

२९ ऑगस्ट, शनिवार
विमानतळावर वन्संनीच न्यायचं ठरलं. छपरावर स्कूलची पाटी, मागे माझ्या दोन बॅगा, मी शेजारी मांडी घालून. वन्सं छान चालवत होत्या. आरशात बघणं, वेग, अंतर, सगळं चोख. मला एकही शब्द बोलायची संधी नाही.

विमानतळाचं वळण आलं आणि गाडी करकचून थांबली.

मागून हॉर्न. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. "मी नाही हं दाबला."

खाली पाहिलं. मांडी कधी सुटली, कळलंच नाही.

मी म्हटलं, "वन्सं, पुढे घ्या." पाय मात्र ब्रेकवरच.

त्या म्हणाल्या, "अगं, तू पाय काढल्याशिवाय ही पुढे कशी जाईल?" मग कुजबुजल्या, "आणि मागे फिरायचं असलं तरी काढावाच लागेल."

मी पाय काढला. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग आरसा, सिग्नल, खांद्यावरून मागे नजर, सगळं मी शिकवलेल्या क्रमाने. आणि गाडी घराकडे वळवली. वळण निर्दोष!

घरी आल्यावर म्हणाल्या, "त्याला फोन तू करायचास. ते काही तू मला शिकवलेलं नाहीस."

३० ऑगस्ट
केला. "मी येत नाही. विमानतळाच्या वळणावरच गाडी थांबली."

"ताईने ब्रेक मारला?"

"नाही. मी."

"मग या खुर्चीचं काय करू?"

"इकडे घेऊन या."

पलीकडून काहीतरी ओढल्याचा, फरशीवर आपटल्याचा आवाज. म्हणाले, थांब जरा, हिचे पाय सुटे होतात का बघतो.