पांढरीची माती

पुणे, ५ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलं दिसतंय, म्हणून हे पत्र. पोस्टमन बजरंगकाकांच्या भिडेने तरी ते घेशील.

दिवाळीत मळ्यामागच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडावर, आपल्या पांढरीवर, मला तांबड्या खापरांचे तुकडे मिळाले. वर काळ्या रेघांची नक्षी आहे. लहानपणी आपण त्याच खापरांची लगोरी रचायचो. पुरातत्त्व शिकवणाऱ्या आमच्या सरांनी ते पाहिले आणि ते म्हणाले की टेकाडाखाली तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव असणार. तिथे राजे नव्हते की देवळं नव्हती. जव पिकवणारी, चुली सारवणारी, प्रवरेचं पाणी भरणारी माणसं होती.

जानेवारीत आम्हाला एका कोपऱ्यात खोदू दे. तोवर पांढरीला हात लावू नकोस. जमीन तुझीच राहील. वहिनीच्या हातच्या शेंगोळ्यांची आठवण येते, तुझ्या टोमण्यांची मुळीच येत नाही. तरी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी पंकजा

देवळाली प्रवरा, १६ डिसेंबर

चि. पंकजास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तरही पत्रानेच घे. फोनवर तू मला बोलू कुठं देतेस?

तुझे सर भले असतील. पण एकदा सरकारी पाटी लागली की सातबारा कुणाच्या का नावावर असंना, रान आपलं राहत न्हाई. चुलत्यांची जमीन धरणात गेली तेव्हाही साहेब लोक असेच गोड बोलत होते. आणि पांढरीचं कौतुक मला शिकवू नको. आज्यानं तिथली माती गाड्या भरभरून मळ्यात टाकली. सगळा गाव टाकतो, खतापेक्षा लई भारी. त्या मातीवर ऊस पोसला आणि उसावर तू शिकलीस. तुझे जुने लोक कधीच साखर होऊन गेले.

मंगळवारी जेसीबी लावून टेकाड सपाट केलं. अर्धी माती लोकांनी टेम्पोनं नेली. तोंडाला तोंड लावलेली मडकी निघाली, आत बारीक हाडं होती. ड्रायव्हर गोरक्ष घाबरला, नारळ फोडू म्हणाला. मी त्याला काम उरकायला सांगितलं. आता सऱ्या पाडून उसाची लागण करायची. या विषयावर पुन्हा लिहू नको. थोरला भाऊ मानत असशील तर राग धरू नको.

सहादेव

पुणे, २२ डिसेंबर

ती. सौ. मनकर्णावहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाला लिहिण्यात अर्थ नाही. गोरक्षला निदान नारळ फोडावासा वाटला, माझ्या भावाला तेवढंही वाटलं नाही.

ती मडकी काय होती ते तुला सांगते. त्या काळी तान्हं मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं जुळवून राहत्या घराच्या जमिनीत पुरत. गावाबाहेर नाही, घरातच. आई जिथे रांधायची, निजायची, तिथेच खाली. मूल घर सोडून जाऊ नये असं त्यांना वाटत असावं.

माती कुणाकुणाच्या रानात गेली ते शोध. हाडं मिळाली तर कापडात बांधून ठेव. त्या घरांतल्या बायकांसाठी एवढं कर. तहसीलला मी अर्ज दिला आहे. सख्ख्या भावाची तक्रार करायची वेळ आली. तुझा जिव्हाळा मात्र मला हवाच.

तुझी पंकजा

देवळाली प्रवरा, ३ जानेवारी २०२५

पंकजाताईंस,
मनकर्णाचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि हे जेवायला बसलेले असतानाच यांना विचारलं.

माझं पहिलं बाळ बारशाआधी गेलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्यात तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात. कुठं पुरलं ते आईला सांगत नाहीत, तिनं सारखं तिथं जाऊन बसू नये म्हणून. मीही कधी विचारलं नव्हतं. यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, पांढरीवर, बाभळीखाली.

तुम्ही खोदाल आणि बाळाला कागदात गुंडाळून पुण्याला न्याल, याचीच यांना धास्ती होती. म्हणून तुम्ही यायच्या आत माती पसरून ऊस लावायचा बेत केला. गोरक्षला बाभळीची जागा सोडायला सांगितलं होतं. पण बाभूळ केव्हाच तुटलेली, नेमकी जागा यांनाच आठवेना. बारीक हाडं निघाली तेव्हा ती जुन्यांची की आपल्या बाळाची, ते यांना कळेना. बघवलं नाही, म्हणून काम उरक म्हणाले.

भावाला तुम्ही दगड समजता, समजा. पण ताई, त्या बायकांच्या बाळांसाठी तुम्ही तहसीलला अर्ज दिलात. माझं गेलं तेव्हा तुमची परीक्षा होती, तुम्ही आला नाहीत. नंतर आलात तेव्हा माझ्याजवळ त्याचा विषयही काढला नाहीत.

शेजारच्या वाल्मिक भाऊजींच्या रानात जाऊन आले. आपली माती तिकडंच जास्त गेली. वर नांगर फिरलाय. काही गोळा केलं नाही. कुणाचं म्हणून करू?

जी अर्धी उरली आहे तिथं परवा उसाच्या बेण्याचा ट्रॅक्टर आला, तो मी माघारी धाडला. हे लई ओरडले. मी बांधावरून उठले नाही. तुमच्या अर्जावरून तहसीलचा माणूस मोजायला आला, त्यालाही चहा पाजून वाटेला लावलं. तिथं ऊस होणार नाही आणि खड्डाही होणार नाही. तुम्हाला माहेर आहे, कधीही या. मात्र त्या रानात पाय टाकू नका. यांनाही तेच सांगितलंय. यांना वेळेवर वाढते, बोलत नाही.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

मनकर्णा