बॅटरी फ्रिजवरच आहे

दादा,

ड्यूटीवरून आलास की झोपायच्या आधी हे वाच. चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे.

बाबा पहाटेच खाडीवर पक्ष्यांचे फोटो काढायला गेलेत. कॅमेरा गळ्यात, पण बॅटरी फ्रिजवर! कार्डही कॉम्प्युटरलाच, आई बाबांवर रुसून मावशीकडे गेली त्या दिवशी होतं तसंच. मग हे रोज चिखलात पोटावर लोळून काय टिपतात? काल तर म्हणाले, "आज शेकाट्या काय झकास मिळाला! लांबच लांब लाल पाय!"

बॅटरी चार्ज करून, कार्ड घालून कॅमेरा हातात द्यायची ती आईच. बाबांना बॅटरी कुठे घालतात हे तरी माहितीये का? की सगळं कळून नुसतेच जाऊन बसतात? माझं डोकंच चालेना.

रात्री आईचा फोन आला. बाबांबद्दल चकार शब्द नाही. फक्त, "बॅटरी चार्ज करतेस ना गं?" मी आपली "हो" म्हणून बसले.

सकाळपासून दोनदा चार्जरला लावली आणि दोनदा काढली. तू हात लावू नकोस. आईला फोन कर आणि एवढंच सांग, छोटी खोटं बोलली, बॅटरी कोणीच चार्ज करत नाही.

छोटी