टिकू आडवा होईना

कामरेज, रविवार, दिवेलागणी

आजही टिकूने नीलेशचं ऐकलं नाही. एका हातात बिस्किट, दुसऱ्यात मोबाइलचा व्हिडिओ आणि तोंडाने गुजरातीत एकच, "चाल ने टिकू, डाउन!" कुत्र्याचं पिल्लू ते, बसतं, बिस्किट खातं, पण आडवं होईल तर शपथ! यांनी कतारगामच्या लूमच्या, कापड विणायच्या कारखान्यातून आणलं तेव्हापासून हे असंच.

"आई, याला इथे टोचतंय तरी काय?" नीलेश चिडला.

काय टोचणार? शांतता. ते जन्मलंच लूमच्या खाली. म्हटलं, तूही असाच होतास. कतारगामच्या खोलीत भिंतीपलीकडे रात्रंदिवस खटखट, आणि तू गाढ झोपलेला. लाइट गेली, लूम थांबले, की चाळीतली सगळी पोरं एकदम रडत उठायची. मग मी हाताने फरशीवर तीच खटखट वाजवायचे.

"मला नाही आठवत यातलं काही."

कसं आठवेल? मला मात्र ती खोली फार आठवली. तेव्हा वाटायचं, या आवाजातून कधी एकदा सुटते! आणि आता त्याच आवाजासाठी जीव तुटतो. हे सांगू कुणाला?

शेवटी बसले खाली आणि वाजवली फरशी. खटखट, खटखट. टिकूने कान टवकारले, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि पडला की आडवा! हात थांबला की डोळा उघडतो, म्हणून डाव्या हाताने वाजवत उजव्याने हे लिहितेय.

नीलेशला दाखवायला मान वर केली. तो भिंतीला टेकून, बिस्किट मुठीत धरून, गाढ झोपलाय.