काळी वायर

अमरावती,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

प्रिय देवानंदभाऊजी,

अनेक आशीर्वाद. पाकीट पाहून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते आता नेहमीचंच. परसातलं संत्र्याचं झाड यंदा चांगलं लगडलं आहे. उतरवायला कोणी नाही म्हणून निम्मी संत्री पोपटांनी खाल्ली. दुर्गाची शुगर कशी आहे? थंडीत तिचे पाय दुखतात, तिला पहाटे अंगण झाडू देऊ नका.

फोन का केला नाही, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही "बरं वहिनी, ठेवतो" म्हणता आणि मलाही सुटल्यासारखं वाटतं. या वेळी सुटायचं नाही असं ठरवलं, म्हणून कागद घेतला.

बातमी अशी की गाडी विकायची ठरली होती. पोर्चमध्ये झाकून ठेवलेली यांची गाडी. अंकुरने पुण्यात बसूनच भातकुलीचं एक गिऱ्हाईक पाहिलं. ते रविवारी येणार होते. गाडी सुरू तर व्हायला हवी, म्हणून अंकुर म्हणाला, "आई, शनिवारी मिस्त्री पाठवतो, तो नवी बॅटरी टाकून देईल." मी म्हटलं, मिस्त्री नको, मी टाकते. तो हसला. "तू? आई, ते काय गॅसचं सिलिंडर आहे?"

तर काल मी बॅटरी बदलली, भाऊजी. चौसष्टाव्या वर्षी, एकटीने.

दुपारी झाकण काढलं तर धुळीने खोकला लागला. शेजारचे नत्थुजी लगेच भिंतीवरून डोकावले. "काय वहिनी, गॅरेज टाकता काय आता? थांबा, मी येतो." मी त्यांना येऊ दिलं नाही. म्हटलं, तुमची कंबर अगोदरच धरलेली, तुम्ही आपले उन्हात बसा. ते पुटपुटत गेले. ते आत गेल्याशिवाय मी बॉनेट उघडलं नाही.

शिकवणारे तुम्हीच होता. आठवतं ना, त्या दिवाळीत तुम्ही अकोल्याहून दुकानातली नवी बॅटरी घेऊन आलात. हे खुर्ची टाकून बसले होते आणि तुम्ही मला म्हणालात, "दादाले काही जमत नाही, वहिनी, तुमीच पाहून ठेवा." आधी मला बांगड्या काढायला लावल्या. "पाना इकडे बॅटरीले लागला आन तिकडे बांगडीले, तर हात भाजून निघते." गाडी बंद, चावी बाहेर, जवळ विडीकाडी नाही. हे बिडी पेटवायला लागले तर तुम्ही त्यांच्या तोंडातून काढून घेतली, आणि हे म्हणाले, "घरात दोन दोन मास्तर झाले आता." मग दहा नंबरचा पाना. "काळी वायर पहिले काढाची आन शेवटी लावाची. लाल त्याच्या उलट. एवढं ध्यानात ठेवलं तर काहीच होत नाही."

मी ते ध्यानात ठेवलं होतं. काल बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, हातात जुने मोजे घातले. बॅटरीच्या दोन्ही खांबांवर, वायरी अडकवतात तिथे, हिरवट पांढरी भुकटी जमली होती, ती सोडा घातलेल्या गरम पाण्याने ब्रशने धुतली. लाल वायर काढली. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी सोडवली. बॅटरी आडवी न करता दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवली, आणि पाट ओढत फाटकापर्यंत नेला. तिथून ऑटोने दुकानात. दुकानदाराने जुनी ठेवून घेतली. तारीख बघून म्हणाला, "बाई, ही तर वापरलेलीच नाही. उभी राहून मेली."

भाऊजी, तुमच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नसेल. काळी वायर आधी काढायची असते, आणि मी सरळ लाल वायरीवर आले.

काळी मला काढावी लागलीच नाही. ती निघालेलीच होती. तीन वर्षांपासून.

तेव्हा हे पुण्याला अंकुरकडे आठ दिवस गेले होते. बडनेऱ्याला रेल्वेत बसल्यावर त्यांनी फोन केला, "इंदे, गाडी उभी राहीन, काळी वायर काढून ठेव." गाडी उभी राहणार असली की बॅटरी उतरू नये म्हणून ते नेहमी तसं करायचे. आणि वायर काढली की स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं, म्हणजे चावी फिरवण्याआधी आठवावं. मी वायर काढली. तिच्या तोंडाला दुधाची रिकामी पिशवी गुंडाळून रबर लावलं. फडकं फार मळलं होतं. म्हटलं धुऊन मग बांधू. धुतलं, दोरीवर वाळत टाकलं आणि विसरले.

ते परत आले त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी तीन वाजता, त्यांच्या छातीत दुखायला लागलं. नत्थुजींनी चावी फिरवली. गाडीत दिवासुद्धा लागला नाही. मी मागच्या सीटवर यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. हे म्हणाले, "बॅटरी गेली वाटते. देवानंदले फोन कर." त्यानंतर ते नीट काही बोलले नाहीत. अँब्युलन्सला फोन लावला, ती आलीच नाही. नत्थुजी चौकात धावले, ऑटो आणला. चाळीस मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

काळी वायर परत लावायची, दोन मिनिटांचं काम होतं. पाना माझ्या हाताशी, पोर्चच्या खिडकीत. मला आठवलं नाही.

आठवलं संध्याकाळी. त्यांना घरी आणलं तेव्हा परसात बायकांसाठी सतरंजी टाकत होते, आणि दोरीवर ते लाल फडकं होतं. धुतलेलं, स्वच्छ.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी अंकुर सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्हाला म्हणाला, "काका, घरच्याच गाडीत भंगार बॅटरी टाकली तुमी." तेव्हा तर बोलायलाच हवं होतं. तुम्ही खाली मान घालून उभे होता. मी पदर तोंडाशी धरून बसले आणि लोकांना वाटलं मी रडते आहे.

दहाव्याला तुम्ही माझ्याकडे आलात. म्हणालात, "वहिनी, चावी द्या. मले एकदा पाहू द्या बॅटरीले काय झालं." मी म्हटलं, "आता काय पाहता? माणूस गेला." तुम्ही निघून गेलात. ते मी दुःखाने बोलले नव्हते, भाऊजी. बॉनेट उघडलं की तुम्हाला एका नजरेत कळलं असतं, म्हणून बोलले.

त्यानंतर तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत. दुर्गाकडून कळलं की दुकानात तुम्ही आता बॅटऱ्या ठेवत नाही, नुसते पंखे आणि मिक्सर. तीस वर्षांचा हात तुम्ही माझ्यामुळे खाली ठेवला. ते ऐकूनही मी गप्पच राहिले. कालसुद्धा मी बॅटरी बदलायला गेले ती कोणी ती पिशवी पाहू नये म्हणूनच. पिशवीवर तारीख अजून वाचता येते. नऊ फेब्रुवारी.

ती हातात घेऊन मी ओट्यावर किती वेळ बसले, सांगता येत नाही.

आज सकाळी अंकुरला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, मी काकाले काय काय बोललो." आणि फोन ठेवला. त्याचा फोन अजून आलेला नाही. मी गिऱ्हाईकाला नको म्हणून कळवलं आहे.

नवी बॅटरी बसवली आहे. पट्टी घट्ट केली, लाल वायर लावली, खांबाला व्हॅसलिन चोळलं. काळी लावलेली नाही. तिच्या तोंडाला पिशवी आहे, आणि या वेळी स्टिअरिंगला फडकं बांधलं आहे.

क्षमा मागत नाही. मागितली की तुम्ही "जाऊ द्या वहिनी" म्हणाल, आणि ते मला ऐकवणार नाही.

चावी याच पाकिटात आहे. तुम्ही मागितली होती तीच. यावंसं वाटलं तर या आणि काळी वायर तुमच्या हाताने लावा. लावताना बोटातली अंगठी काढा. नाही आलात तरी चावी परत पाठवू नका. ती तुमच्याजवळच असू द्या.

तुमच्या नावावर आपली चूक टाकून तीन वर्षं गप्प बसलेली,
इंदूवहिनी